नानाजीच्या नावाच्या बैठका

पैसा आला की माणूस आपली कामं दुसऱ्यावर ढकलतो, एवढं मी समजू शकतो. पाणी भरायला गडी ठेवावा, लिहायला कारकून ठेवावा, भांडायला वकील ठेवावा. पण घाम गाळायलाही गडी ठेवणारा, आणि त्या घामाचा गुण आपल्या अंगाला कधी लागतो याची वाट बघत लोडाला टेकून बसणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव नानाजी. अमरावतीच्या कापूस बाजारात तो दलाल होता. माझा राग आहे तो एवढ्यासाठी की तो मूर्ख नव्हता. मूर्खाने मूर्खपणा केला तर त्यावर शाई कोण खर्च करील?

मी त्या काळी अकोल्याच्या एका अडतीसाठी कापूस खरेदी करत असे. हंगाम लागला की माझा मुक्काम अमरावतीला. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करत. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. वरून बघणाऱ्याला दोन माणसं समोरासमोर उभी राहून आकाशाकडे बघताहेत एवढंच दिसे. मी शंभर दलालांची बोटं धरली असतील. कुणाची घामट, कुणाची लोण्यासारखी, कुणाची थरथरणारी. नानाजीची बोटं कोरडी आणि चपळ होती. त्याने बोट दाबलं की मला धास्ती वाटे, कारण मी मनात जो भाव लपवून आणलेला असे, नेमका तिथेच तो येऊन बसलेला असे.

दिसायला अगदीच बेतास बात. काटकुळा, लांबलचक पायांचा, गळ्याची घाटी बोलताना खालीवर होणारी. गाव अकोटाकडचं. पण तेल्हाऱ्यापासून तिवशापर्यंत त्याच्या पायाखालून न गेलेली गाडीवाट नव्हती. शेतात कापूस उभा असतानाच हा पायी फिरून बघून येई, आणि त्या खेपेत गाडीत बसायला सांगितलं तर शिवी दिल्यासारखा बघे.

त्याची एक खोड साऱ्या बाजाराला ठाऊक होती. सौदा अडला, की तो माझ्या हातातून आपली बोटं काढून घेई आणि म्हणे, "थांब भाऊ, गाडीले चक्कर मारून येतो." मग कापसाच्या गाडीभोवती भराभर चालायला लागे. एक फेरा, दोन फेरे, कधी चार. नवखा शेतकरी घाबरे. त्याला वाटे, हा आता खाली ओला कापूस दडवलेला शोधून काढणार. पण नानाजी कापसाकडे ढुंकूनही बघत नसे. तो नुसता चालत असे. परत आला की गाल तांबूस झालेले असत, डोळे लखलखत असत, आणि भाव ठरलेला असे.

एकदा मी विचारलं, "नानाजी, चालून काय होतं हो?"

"काय होते?" त्याने धोतर वर ओढून आपली पोटरी मला दाखवली. भर बाजारात! "हे पाय. हे मोटेचे बैल होत, बैल. बैल उभे रायले का मोट हिरीतच. बैल चालले का पानी वरते. तसं रक्त वरते डोस्क्यात येते. तुमाले इचार कराले लेखनी लागते, मले पोटऱ्या लागतेत."

आणि मग आपल्याच बोलण्यावर खूश होऊन तो चार लोकांना ते पुन्हा ऐकवून आला. नम्रपणा त्याच्या वाऱ्याला उभा राहत नसे.

मग ती लढाई आली. साता समुद्रांपलीकडे गोऱ्या लोकांची आपसात जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत वऱ्हाडाने जो वेडेपणा केला तो सांगायला मला लाज वाटते. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. कुणी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकल्या म्हणे. मी पाहिल्या नाहीत, पण पाहिल्या म्हणून शपथ घेणारे दहा भेटले. काल ज्याच्या अंगावर धड बाराबंदी नव्हती तो आज अत्तराचा फाया कानात खोचून हिंडू लागला. आणि या सगळ्या वरातीत नानाजी नवरदेवासारखा पुढे.

त्याने अमरावतीत घर घेतलं, गादी घातली, आणि एक दमणी घेतली. दमणी म्हणजे बसायची हलकी, छपराची गाडी. तिच्यात गिरद्या, गिरद्यांवर मखमल, आणि मखमलीवर नानाजी. घरापासून बाजार म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण हा दमणीतून येणार. आला तरी खाली उतरणार नाही. सौदा पडद्याखालून हात बाहेर काढून करणार. पहिल्यांदा त्या पडद्याखालचा हात धरला तेव्हा मी दचकलो. बोटं गुबगुबीत झाली होती.

आणि चक्कर? सौदा अडला की पूर्वी हा गाडीभोवती फिरे. आता तो शेतकऱ्याला म्हणू लागला, "गाडी फिरव." म्हणजे भरल्या कापसाची गाडी बैलांनी ओढत दमणीभोवती फिरायची, आणि हा मध्ये बसून तिच्याकडे बघणार! मी स्वतः पाहिलेलं सांगतो. त्या फेऱ्यांनी कुणाच्या डोक्यात रक्त चढलंच असेल तर ते बैलांच्या.

त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. उंच, सावळी, तोंडाने तिखट. ती एकटी या सगळ्याला हसत नव्हती. एकदा मला ओसरीवर थांबवून म्हणाली, "भाऊजी, यायले काई तरी होऊन रायलं. रात्री निजले का उजव्या हाताले मुंग्या येतेत. कानात भुंगा वाजते म्हंतेत. काल मले मायं नाव इचारलं."

"थट्टा केली असेल."

"थट्टा कोनती अन् भेव कोनतं, हे मले कयते."

ते मलाही लवकरच कळलं. एका सौद्यात त्याने माझी तीन बोटं दाबली, मग तोंडाने दुसऱ्याला भलताच आकडा सांगितला, आणि मी सांगायला गेलो तर माझ्याकडेच अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत राहिला. ज्या बोटांना मी वर्षानुवर्षं भ्यालो, त्या बोटांची मला त्या दिवशी कीव आली. ती मला आवडली नाही.

वहिनीने हकीम बोलावला. म्हातारा, एलिचपूरकडचा, कुणाची भीड न ठेवणारा. त्याने नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "नानाजी, खून भरपूर हाय, पन सुस्त हाय. खाली साचून रायला. सकायी पैदल चाला, थोड्या बैठका मारा. कलेजा जोरात चालन तवा खून डोस्क्यात पोचन. नाई तं एक दिवस वाट बंद होईन, अन् आधं अंग जाईन. मंग मले बोलावू नोका."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? हे सगळं नानाजी स्वतःच आम्हाला पोटरी उघडी करून शिकवत आला होता. पण गादीवर बसलेल्या माणसाला आपलेच जुने शब्द ऐकू येत नाहीत. तो म्हणाला, "ह्या वयात मी बैठका मारू? लोकं काय म्हनतीन?"

आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. त्याच महिन्यात त्याने घरात अनुष्ठान बसवलं होतं. जप केला भटजींनी, उपास केले भटजींनी, पहाटे थंड पाण्याने आंघोळी केल्या भटजींनी. नानाजीने फक्त पळीभर पाणी हातावरून सोडलं, आणि पुण्य रीतसर त्याच्या नावावर जमा झालं. मग जे जपाला चालतं ते बैठकांना का चालू नये?

त्याने भटजींना विचारलं. शास्त्रात असं कुठे आहे हे त्यांना आठवेना, आणि शास्त्रात असं नाही हेही त्यांना आठवेना. शेवटी दक्षिणेकडे बघून ते म्हणाले, "संकल्प शुद्ध असला म्हणजे झालं."

दुसऱ्याच दिवशी तेल्हाऱ्याचा महादू पैलवान घरी हजर झाला. कुस्तीत त्याचं फारसं नाव नव्हतं, जेवणात होतं. रोज सकाळी भटजी यायचे, नानाजीचं गोत्र म्हणायचे, नानाजी तळहातावरून पाणी सोडायचा, आणि महादू अंगणात बैठका घालायचा. या व्यायामापासून उत्पन्न होणारं जे काही बळ आणि बुद्धी, ती यजमानाला प्राप्त होवो! मी एका सकाळी मुद्दाम बघायला गेलो होतो. खोटं कशाला सांगू, हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखल्या. महादू खाली बसला की नानाजी हुंकार द्यायचा. महादूला घाम फुटला की नानाजी आपलं कपाळ पुसायचा. बैठका संपल्यावर दोघांनाही बदामाचं दूध. महादूपेक्षा नानाजीला जास्त, कारण गुण त्याच्या अंगात जिरवायचा होता.

"कसं वाटते, नानाजी?" मी विचारलं.

"हलकं वाटते," तो म्हणाला. आणि उठायला गेला तर दोन गड्यांनी काखेत हात घालून त्याला उठवलं.

वहिनीने त्या दिवशी जे केलं ते अमरावतीत पुढे कितीतरी दिवस लोक सांगत होते. जेवायच्या वेळी तिने दोन पाटांऐवजी एकच पाट मांडला. महादूला बसवलं, भाकरी, ठेचा, तूप, वरण, सगळं वाढलं. नानाजी समोर येऊन उभा राहिला.

"मायं ताट?"

"हे काय, जेवून नाई रायले का तुमी?" वहिनीने महादूकडे बोट दाखवलं. "पानी सोडलं म्या तुमच्या नावानं. तो जेवते, पोट तुमचं भरते. आनखी काई वाढू का तुमाले?"

महादू घास घेऊन तसाच थांबला. आम्हाला वाटलं, आता तरी नानाजीच्या डोक्यात उजेड पडेल. पण तो रागावून गादीवर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बायकोशी बोलला नाही. संध्याकाळी तो जेवला, वहिनीने वाढलंही, पण वाढताना ती ताटाकडे न बघता त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती हे मी पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिला नवरा जाताना दिसत होता आणि तिचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

मग त्या लढाईचा शेवट झाला. मुंबईहून बातमी आली आणि भाव गडगडायला लागले. त्या दिवसाचा अमरावतीचा बाजार मी विसरणार नाही. जो तो ओरडत होता. रुमाल टाकायलाही कुणाला धीर नव्हता. नानाजीच्या भरवशावर माल थांबवलेले गावोगावचे शेतकरी त्याच्या दमणीभोवती गोळा झाले. विकायचं की थांबायचं, एवढंच त्यांना त्याच्या तोंडून हवं होतं. हे सांगणारा त्याच्यासारखा माणूस वऱ्हाडात दुसरा नव्हता. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

मी पडद्याखाली हात घातला. म्हटलं, आमच्या अडतीला आजच्या आज माल हवाय, बोला. त्याचा हात माझ्या हातात नुसता पडून राहिला. थंड आणि ओलसर. बोटं हलेनात. पडद्याआड त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग, आयुष्यभराची सवय कुठे जाते, तो पुटपुटला, "थांब भाऊ. गाडीले चक्कर..."

आणि थांबला. मला वाटलं, उतरतो. देवाशपथ सांगतो, त्या घडीला मला मनापासून वाटलं की त्याने उतरावं, धोतर सावरावं आणि ते लांब पाय टाकत त्या गाडीभोवती फिरून यावं, मग त्या भावात माझी अडत बुडाली तरी चालेल.

त्याने पडदा बाजूला केला आणि हाक मारली, "महादू! गाडीले चक्कर मारून ये."

महादू बिचारा हुकमाचा ताबेदार. तो कापसाच्या गाडीभोवती धावतच एक चक्कर मारून आला आणि छाती फुगवून दमणीपुढे उभा राहिला.

"मारली, मालक."

"मंग? काय भाव निंगाला?"

"मले काय मालूम, मालक?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा बाजार हसला. ज्यांचं नशीब त्या क्षणी पाण्यात चाललं होतं तेही हसले. मीही हसलो. नानाजी काहीतरी बोलायला गेला. शब्द आला नाही. तोंडाची एक बाजू खाली ओघळली, उजवा हात गिरदीवरून घसरला आणि दमणीच्या बाहेर लोंबकळू लागला. हसू थांबायला थोडा वेळच लागला, कारण मागच्या लोकांना वाटलं की हाही काही खेळच आहे.

हकीम न बोलावताच आला. त्याने पाहिलं. त्याने सांगितलं होतं तसंच झालं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भटजींनी उतारा सुचवला. वहिनीने महादूला त्याच दिवशी वाटेला लावलं, आणि भटजींना दारातूनच. अमरावतीचं घर गेलं, गादी गेली. दमणी घेऊन ती नवऱ्याला अकोटाकडच्या शेतावर घेऊन गेली. बाजार त्याला महिन्याभरात विसरून गेला. "चक्कर मारून ये" एवढं मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. कुणाला सौदा सुचेनासा झाला की हमखास कुणीतरी ते म्हणे आणि सगळे दात काढत. त्यांच्यातले अर्धे तोपर्यंत स्वतः दमणीतून उतरत नव्हते, हे वेगळं.

पुढच्या हंगामात मी अकोल्याहून अकोटला चाललो होतो. सकाळची वेळ, ऊन कोवळं. रस्त्याला लागून एक विहीर होती, मोट चालू होती, बैल उतारावरून खाली जात होते आणि पाणी थारोळ्यात कोसळत होतं. विहिरीजवळ एक दमणी उभी होती. बैल नाहीत, मखमल नाही, गिरद्यांवर कोंबड्या बसलेल्या. आणि त्या दमणीभोवती दोन माणसं गोल फिरत होती.

मी गाडी थांबवली. वहिनीने मला ओळखलं, पण ती चालायची थांबली नाही. नानाजीचा डावा हात काठीवर होता. उजवा हात तिच्या हातात होता, आणि दोघांच्या हातांवर त्याचा तो जुना सौद्याचा रुमाल टाकलेला होता. एक पाय तो टाकत होता, दुसरा ओढत होता. अंग वाळलं होतं. गाल मात्र तांबूस दिसत होते.

"हे काय, वहिनी? रुमाल कशाला?"

"बोलता येत नाई न त्यायले," ती चालता चालता म्हणाली. "पन सौदा येते. म्या पाच चकरा म्हनून पंजा दाबला का मानेनं नाई म्हंतेत. मंग उतरत उतरत येतो. पयले महिनाभर काईच समजत नव्हतं, मातीवानी बसून राहत. आता रोज भांडतेत. हकीमबावा म्हंते, भांडते म्हंजे डोस्क्यात रक्त पोचून रायलं. तुमी सांगा भाऊजी, दलालाची बायको हाओ मी, बोटं मले समजत नाईत का?"

"पण तुम्ही तर त्यांचा उजवा हात धरलाय. तो..."

"मेलेला हाय. तरी धरतो. माया हातात राहू द्या, आनखी कोन धरन त्याले?"

नानाजीने माझ्याकडे बघितलं. ओळखलं का, सांगता येणार नाही. त्या वाकड्या तोंडाने त्याने जे केलं ते हसू होतं की शिवी, तेही नाही. मला त्याचा पुन्हा राग आला. हेच पाय होते. हीच दमणी, हीच चक्कर. धडधाकट होता तेव्हा फुकट मिळत होती, तेव्हा माणूस भाड्याने लावला, आणि आता अर्ध्या अंगाने मारतोय. हे मी त्याला तोंडावर सांगणारही होतो.

तेवढ्यात वहिनी थबकली. एकदम, ठेच लागल्यासारखी.

"काय झालं?"

तिने उत्तर दिलं नाही. तिने हातावरचा रुमाल उचलला. खाली नानाजीचा उजवा हात होता, तोच लोंबकळणारा, आणि त्याची दोन वाळकी बोटं तिच्या दोन बोटांभोवती वळलेली होती. घट्ट नाही. पण वळलेली होती.

"दाबलं," ती म्हणाली. "भाऊजी, यायनं दाबलं." आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. माझ्याही लागल्या, मी कशाला लपवू? "म्या तीन म्हनलं होतं. दोन म्हंतेत."

मरणाच्या दारातून परत आलेला हात, आणि त्याने पहिली गोष्ट मागितली ती एक चक्कर कमी! पण नानाजीचं आमच्या रडण्याकडे लक्ष नव्हतं. तो रागाने लाल झाला होता. सौदा चालू असताना रुमाल उचलणं म्हणजे बाजारात केवढी बेअदबी! त्याने काठी काखेत धरली, डाव्या हाताने वहिनीच्या हातातून रुमाल हिसकावला, थरथरत दोघांच्या हातांवर नीट पसरला, आणि मान वर करून, पूर्वी बघायचा तसा, आकाशाकडे बघू लागला.

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि रुमालाखाली काहीतरी दाबलं. दोघं चालू लागली आणि दमणीच्या पलीकडे गेली. ती परत अलीकडे येईपर्यंत मी गाडी हाकली नाही.